आधी तळहातावर

धम्मरत्न माझ्या घराच्या समोरच्या खोलीत भाड्याने आला, तेव्हा पहिल्याच दिवशी मी त्याला सुनावलं होतं, की दिवसभर लग्नाची गाणी वाजवायची असतील तर दुसरी खोली बघ. तो म्हणाला, "नाई वाजवत, सिस्टर." आणि खरंच वाजवली नाहीत. कानाला हेडफोन लावून बसायचा. महिनाभराने मीच कंटाळून म्हटलं, अरे बाबा, जरा आवाज सोड, घर अगदी सुनं सुनं वाटतंय.

मी सरकारी दवाखान्यात नर्स होते. नोकरी संपली तरी सगळं दिग्रस मला सिस्टरच म्हणतं. मानीबाई हे माझं नाव आमच्या तांड्याबाहेर फारसं कोणाला ठाऊक नाही. निम्म्या गावाची बाळंतपणं मी केली, तेव्हा कोणालाही काहीही बोलायचा मला परवाना आहे, असं मी धरून चालते. धम्मरत्नला बोलायला मात्र काही सापडायचं नाही, आणि त्याचाच मला राग यायचा.

तो लग्नांचं शूटिंग करायचा आणि त्या खोलीत बसून मिक्सिंग. म्हणजे कॅसेटमधलं चित्र कॉम्प्युटरमध्ये उतरवायचं, कापायचं, जोडायचं, गाणी घालायची आणि सीडी करून द्यायची. त्याचे वडील धर्मपाल चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत लाउडस्पीकर लावायचे. त्यांनी पोराला दोन गोष्टी शिकवल्या होत्या. वायरचं तोंड उघडं सोडायचं नाही, आणि दुसऱ्याच्या देवाधर्मात तोंड घालायचं नाही. लग्नं तर सगळ्यांचीच असतात. कुणब्यांची असतात, आमच्या बंजाऱ्यांची असतात. विहारात जाणारा हा मुलगा त्या होमासमोर कॅमेरा घेऊन बरोबर अशा जागी उभा राहायचा, की कोणाला अडचण नको. चप्पल आधीच काढलेली, डोक्यावरची टोपी खिशात. हे काय, ते कशासाठी, असा प्रश्न कधी नाही. लोक म्हणत, "पोरगं लई रीतीचं." मला वाटायचं, माणसाने थोडं विचारावं. विचारलं म्हणून कोणी खाऊन टाकत नाही.

आमचा रस्ता जिनिंगच्या, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्याच्या मागचा. रुईचे तंतू उडत येतात आणि घराघरात शिरतात. मच्छरदाणीवर बसतात, वरणात पडतात. धम्मरत्नच्या सीपीयूच्या डब्यात तर वर्षाला एक उशी भरेल इतके जमायचे. मग आतला पंखा घोरायला लागायचा आणि कॉम्प्युटर तापून बंद पडायचा. दिग्रसला त्यावर एक उपाय होता, आणि तो कोणत्याही कॉम्प्युटरच्या क्लासमध्ये शिकवत नसतील. डबा उचलायचा, जिनिंगमध्ये न्यायचा आणि कॉम्प्रेसरच्या हवेने झाडून आणायचा. गावातले सगळे कॉम्प्युटरवाले तेच करत.

तो कॉम्प्रेसर किसनरावांच्या ताब्यात असायचा. किसनराव जिनिंगचे फिटर. बुटके, पोट सुटलेले, सदऱ्याला नेहमी ग्रीस. धम्मरत्न डबा घेऊन गेला की ते हातातलं काम टाकून उठत. टाकीखालची तोटी फिरवत, मोठ्याने "जय बजरंगबली" म्हणत, जमिनीवर पाणी सोडत. मग हवेच्या नळीसमोर आधी आपला तळहात धरत, तो कपाळाला लावत, आणि नंतर डब्यात हवा मारत. धम्मरत्न त्या वेळी टोपी काढून दोन पावलं मागे उभा राहायचा. हे मला त्यानेच सांगितलं, पण फार उशिरा सांगितलं.

दोन हजार सहाच्या मे महिन्यात किसनरावांच्या मुलीचं, खुशीचं लग्न झालं. शूटिंग अर्थात धम्मरत्नचं. त्या लग्नात किसनराव बुंदीची परात घेऊन पंगतीत फिरत होते, "घ्या ना बाप्पा, घ्या," म्हणत होते, आणि बँडवाल्यांनी आग्रह केला तेव्हा तेवढ्या पोटासकट नाचलेसुद्धा. मी पाहिलंय. सगळा मांडव हसत होता. बाकी आयुष्यात त्या माणसाने एक रेशनकार्डाचा फोटो सोडला तर कॅमेऱ्यासमोर तोंड केलेलं नव्हतं.

पावसाळ्यात किसनराव गेले. बसस्टँडवर छातीत कळ आली आणि खाली बसले. मला बोलवायला माणूस धावत आला. मी छाती दाबली, दाबतच राहिले, काही उपयोग झाला नाही. गावात लोक कुजबुजले, कारण आत्महत्यांच्या त्या वर्षांत आमच्या जिल्ह्यात कोणाला साधा मृत्यू येतो यावर कोणाचा विश्वासच उरला नव्हता. मी एकदोघांना चारचौघांत झापलं. हृदयच होतं ते. अर्थात जिनिंग यंदा चालेल की नाही या घोराने ते हृदय किती पोखरलं होतं, हे मला विचारू नका.

जिनिंग चाललीच नाही. दिवाळीनंतर रात्रंदिवस धडधडणारी ती इमारत त्या हिवाळ्यात गप्प उभी होती. कापसाचा भाव फुटेना, गाड्या बाजारातून भरलेल्या परत जात. आम्हाला बघायला मोठमोठ्या लोकांच्या गाड्यांचे ताफे येत, रस्त्याला धूळ उडे, ते जात. फाटकावर फक्त आमच्या तांड्यातला शंकरसिंग चौकीदार म्हणून उरला होता. लग्नं पुढे ढकलली जात होती. धम्मरत्न नव्या कॅसेटी आणेनासा झाला. कॅसेटमधलं कॉम्प्युटरमध्ये उतरवलं की त्याच कॅसेटवर पुढचं शूटिंग करायचा. सगळेच तसं करत. खुशीच्या लग्नाच्या कॅसेटीवर आता दुसऱ्या कोणाची वरात होती. ते लग्न उरलं होतं फक्त त्या डब्यातल्या हार्डडिस्कवर.

सीडी तयार नव्हती, कारण कॉम्प्युटर जुना होता आणि इतकं लांब काम घेतलं की मध्येच थिजायचा. किसनराव होते तोवर म्हणत, "होऊ दे आरामात." ते गेल्यावर एक दिवस त्यांच्या पत्नी, तानाबाई, आल्या. मीच त्यांना आत नेलं, स्टूल दिलं.

"सीडी राहू दे," त्या म्हणाल्या. "नुसतं दाखव मले."

धम्मरत्नने लावलं. पडद्यावर किसनराव आले, परात घेऊन. एक पाऊल टाकलं आणि थांबले. मग झटक्याने तीन पावलं पुढे. तोंड उघडं राहिलं, आवाज मागून आला, तोही तुटून. घ्या. घ्या. बा. घ्या. मला बघवेना. तानाबाई पदर तोंडाशी धरून बघत होत्या. नाचाचा भाग आला तेव्हा तर तो माणूस नाचतोय की त्याला झटके येताहेत, तेच कळेना. मरताना बसस्टँडवर मी त्याला पाहिलं होतं. मी धम्मरत्नला म्हटलं, बंद कर ते.

तानाबाई उठल्या. दारात थांबून म्हणाल्या, "असं नको दाखवू, बापू. त्याइले धड चालू दे. मंग मले बोलाव."

त्या एका वाक्याने धम्मरत्नची झोप उडवली. आठवडाभर तो त्याच विचारात. मग मला म्हणाला, "सिस्टर, प्रोसेसर बदलतो."

"तो काय असतो?"

"डब्याचा मेंदू समजा. आतला लई जुना झाला. ह्याच खाचेत बसते असा एक मोठा भेटला त किसनकाका सरके, धड चालतीन."

यवतमाळला त्याचा एक ओळखीचा दुकानदार होता. त्याच्याकडून एक वापरलेला प्रोसेसर तो एसटीने घेऊन आला, साबणदाणीत, स्पंजच्या दोन तुकड्यांमध्ये ठेवून. मला उघडून दाखवला. बिस्किटाएवढा चौकोन, पालथा केला तर केसासारख्या पिनांचं शेत. "हात नोका लावू," म्हणाला. आयुष्यभर मी लोकांच्या नसा शोधल्या आणि हा मला हात लावू नका म्हणतो! पण चेहऱ्यावर इतका आनंद होता, की मी ऐकून घेतलं. तानाबाईंना त्याने निरोप धाडला, परवा सकाळी या.

नवा मेंदू घाणेरड्या डब्यात कसा बसवायचा? म्हणून दुसऱ्या दिवशी तो डबा घेऊन जिनिंगमध्ये गेला. नेहमीसारखाच. शंकरसिंगने फाटक उघडलं, कॉम्प्रेसर चालू करून दिला. टाकी भरली. धम्मरत्नने नळी घेतली, डब्याच्या पोटात धरली आणि दट्ट्या दाबला.

हवा नाही आली. पाणी आलं. तांबूस, गंजलेलं, पिचकारीसारखं.

तो परत आला तेव्हा शर्टवर तांबडे डाग होते आणि डबा छातीशी धरलेला. मला आधी वाटलं पोराला लागलं. मग सगळं कळलं. माझ्याकडे दवाखान्यातला कापूस नेहमी असतो. तो घेऊन आम्ही दोघांनी गच्चीवर बसून डब्याचा कोपरा न् कोपरा टिपला. वरून ऊन चांगलं होतं.

"रविवारपर्यंत वाळू दे," मी म्हटलं.

"काकूले उद्याचं सांगतलं, सिस्टर."

"काकू कुठे पळून चाललीय? पुन्हा सांगू."

"आस लावून बसली असन ते. मी कसं सांगू?" डबा त्याने संध्याकाळपर्यंत उन्हात फिरवला, सूर्य जाईल तिकडे सरकवत. हार्डडिस्क तर चहूकडून बंद असते, तिच्या आत पाणी जात नाही, असं मला दोनदोनदा समजावलं. पण तिच्या खालच्या बाजूला सर्किटची हिरवी पट्टी उघडीच असते, हे त्याला माहीत होतं. माहीत असूनही मन मानत नसतं माणसाचं.

सकाळी तानाबाई आल्या. नवी नव्हे, पण धुतलेली इस्त्रीची साडी. स्टुलावर बसल्या. धम्मरत्नने त्यांच्यासमोर डबा आडवा केला. पंखा काढला, खालची वाळून खडू झालेली पांढरी पेस्ट पुसली, बारीकशी दांडी वर करून जुना प्रोसेसर उचलला. नवा कोपऱ्याच्या खुणेने तसाच अलगद ठेवला. दाबला नाही, तो आपल्या वजनानेच खाली बसला. दांडी खाली केली. पेस्टचा गव्हाएवढा ठिपका, वर पंखा. मी इतका सावकाश हात फार थोड्या डॉक्टरांचा पाहिला. तानाबाई म्हणाल्या, "आमचे हे पन असंच करत असतीन, नाई?" त्या जिनिंगमध्ये कधी गेल्या नव्हत्या. बायका रुई वेचायला जात, पण किसनरावांना बायकोने तिथे आलेलं आवडायचं नाही.

लाइट होती. धम्मरत्नने बटण दाबलं. पंखा फिरला, पडद्यावर अक्षरं उमटली. नवा प्रोसेसर डब्याने ओळखला, त्याचं नाव लिहून आलं. धम्मरत्नने वळून माझ्याकडे बघितलं, हसला. तेवढ्यात डब्यातून फट् असा बारीक आवाज आला आणि जळक्या वासाचा धूर.

त्याने वायर उपटली. हार्डडिस्क काढून नाकाशी धरली. तिच्या हिरव्या पट्टीवर काळा डाग होता आणि डागाच्या कडेला गंजाची रेघ.

"काय झालं रे?" तानाबाईंनी विचारलं.

"पानी, काकू. जिनिंगच्या हवेतून पानी आलतं काल. दरसाली तिथंच साफ करतो. किसनकाका असताना कधी थेंब नाई आला. आता काहून आला, समजूनच नाई राह्यलं."

"त्याइनं पह्यले पानी काढलं असन ना."

"मंजे?"

"अरे, टाकीत पानी जमते. ते सोडल्याबिगर हवा मारूच नये. रोज सांगत, आज इतकं पानी निंघालं, तितकं निंघालं. जेवताना दुसरा इषय नसे त्याइले." त्या धम्मरत्नकडे वळल्या. "तू त उभा राहत होता ना बाजूले?"

धम्मरत्न एकेक आठवत गेला. "ते पानी सोडत... बजरंगबली म्हनत... तळहात धरत, कपायाले लावत. मले वाटे, पूजा हाय मशीनची. म्हनून म्या कधी इचारलं नाई. आपन कायले इचाराव? त्याइचा देव. काल मी... ते तेवढं सोडून देल्लं."

"तळहातावर पाहत होते ते, हवा कोरडी हाय का ओली. अन् कपायाचा घाम पुसत." तानाबाईंचा आवाज चढला होता आणि मग तो मधेच फुटला. "बजरंगबली त तुह्यासाठी म्हनत, बापू. घरी येऊन सांगत मले, धम्मरत्न पोरगं लई गुनाचं, आपल्या देवाचं नाव घेतलं का टोपी काढून उभं राह्यते. त्याले बरं वाटते, म्हनून मी जरा जोरातच म्हनतो."

मी नर्स आहे, मला रडणं फारसं येत नाही. त्या दिवशी मला राग आला. दोन भल्या माणसांचा आला, एकमेकांचा मान राखता राखता एक साधा प्रश्न ज्यांना विचारता आला नाही. आणि त्या बंद इमारतीचा आला, जिने फिटर गेल्यावर दुसरा माणूस ठेवला नाही, ठेवायची गरजच उरली नाही. जिनिंग चालू असती तर कोणीतरी रोज ती तोटी फिरवलीच असती.

हार्डडिस्क नागपूरला गेली. धम्मरत्न स्वतः गेला होता घेऊन, आणि हात हलवत आला. आतलं काही निघत नाही म्हणाले. तो मला म्हणाला, "तुमी सांगा काकूले." मी म्हटलं, नाही, तूच सांगशील, मी फार तर सोबत येईन. तानाबाई तूर निवडत होत्या. त्यांनी ऐकलं, सूप खाली ठेवलं नाही. मग म्हणाल्या, "तुटक तुटक होतं. पन होतं."

धम्मरत्न तिथेच भिंतीला टेकून बसला.

"माहीच चूक हाय," त्या म्हणाल्या. "मीच म्हटलं धड चालू दे. तसंच पाह्यलं असतं रोज." हे त्या त्याला सांत्वन म्हणून बोलल्या नव्हत्या. त्याच्याकडे बघतही नव्हत्या. आम्ही उठलो तेव्हा बसा म्हणाल्या नाहीत, चहाचं विचारलं नाही. पुढे कितीतरी दिवस बाजारात समोरून आल्या तर रस्ता बदलत. धम्मरत्नने तो नवा प्रोसेसर काढून परत साबणदाणीत ठेवला. दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर जाऊन कामं करू लागला. खोलीतून काही आवाज येत नसे. पोरगा जेवतो की नाही ते मला जेवणाचे डबे बघून ताडावं लागे.

थंडी सरत आली तेव्हा तानाबाई अचानक माझ्या दारात. आत आल्या नाहीत. उंबऱ्याबाहेरूनच म्हणाल्या, "सिस्टर, तुमचा शंकरसिंग मले आत जाऊ देईन का?" आणि धम्मरत्नच्या खोलीकडे मान वळवून, "त्याले पन घ्या."

आम्ही तिघं गेलो. शंकरसिंगने फाटक उघडलं. आत कबुतरं फडफडली. जिथे एरवी कानठळ्या बसायच्या, तिथे आमच्या चपलांचा आवाज ऐकू येत होता. कोपऱ्यात कॉम्प्रेसर, त्याची लाल टाकी, खाली पितळी तोटी. तानाबाईंनी सगळीकडे नजर फिरवली. खिळ्याला किसनरावांचा ग्रीसचा सदरा अजून लटकत होता. त्याला त्यांनी हात लावला नाही.

"करून दाखव," त्या धम्मरत्नला म्हणाल्या.

"काय, काकू?"

"ते जसं करत, तसं. तू त पाह्यलं हाय."

शंकरसिंगने बटण दाबलं. टाकी भरेपर्यंत आम्ही उभे. मग धम्मरत्न पुढे झाला. किसनराव उठत तसा गुडघ्यावर हात ठेवून, पोट असल्यासारखा वाकला. हुबेहूब ते. इतक्या वर्षांत दोन पावलांवरून त्याने काय काय टिपून ठेवलं होतं! डावा हात टाकीवर, उजवा तोटीवर. आणि तिथे थांबला. पुढचे शब्द त्याच्या तोंडात बसणारे नव्हते. त्याच्या घरात, त्याच्या बापाने, त्याने स्वतः ते बाजूला ठेवले होते, आणि ते काही हलक्यात ठेवलेले नव्हते. हात तोटीवर, मान खाली, तसाच राहिला.

"ते तू नोको म्हनू," तानाबाई म्हणाल्या. पदर सावरून त्या पुढे आल्या आणि मोठ्याने म्हणाल्या, "जय बजरंगबली."

त्याने तोटी फिरवली. तांबूस पाणी सिमेंटवर पडलं, मग पिवळट, मग नितळ, मग नुसती कोरडी शिट्टी. त्याने नळी घेतली. आधी तळहातावर हवा धरली. तळहात उलटा केला, पुन्हा सुलटा. मग कपाळावरून फिरवला, डावीकडून उजवीकडे, आणि बोटं सदऱ्याला पुसली.

तानाबाई बघत होत्या. पापणी हलत नव्हती.

"अजून एक बार," त्या म्हणाल्या.

धम्मरत्नने नळी खाली ठेवली, तोटी बंद केली, आणि गुडघ्यावर हात ठेवून पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं.